कारण नंबर चार

ट्रॅक्टर या विषयात मला कुणी काही शिकवावं, असं आता फारसं उरलेलं नाही. गर्वानं सांगत नाही, आहे ते सांगतो. त्र्याहत्तर साली तर नागपूरच्या अख्ख्या रामदासपेठेत ट्रॅक्टरमधलं माझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस नव्हता. रामदासपेठेत सगळे डॉक्टर आणि वकील, ट्रॅक्टरकडे बघायला तिथे कुणाला सवड, हा भाग वेगळा.

मी शेतीच्या अवजारांच्या एका दुकानात स्टोअर-कीपर होतो. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "ते गोल राह्यते न, मंधात भोक राह्यते, ते द्या." मी कपाटाकडे न बघता नंबर सांगायचो. हाताला ग्रीस मात्र कधी लागलं नाही. सुटे भाग तेलकट कागदात गुंडाळून यायचे, आणि मी ते तसेच कागदासकट द्यायचो. शिवाय माझ्याकडे पुस्तक होतं. ट्रॅक्टरबरोबर इंग्रजी पुस्तक येतं ना, ते. त्याच्या शेवटच्या पानांवर तक्ता होता: दोष, कारण, उपाय. लोक मारुतीस्तोत्र म्हणतात तसा मी तो तक्ता आंघोळ करताना म्हणायचो. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, इंदूला, त्याचा फार त्रास व्हायचा.

आता इतकं ज्ञान घरात कुजवत ठेवून काय करायचं? म्हणून मी ते सासुरवाडीला दिलं.

सासुरवाडी कुहीजवळ, चार मैल आत. धानाची शेती. सासरे आनंदराव, गावात वजनदार माणूस. दारात कवड्या आणि बांड्या नावाची बैलजोडी होती. मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो, "मामाजी, बैल किती दिवस? जग कुठं चाललंय." शेवटी त्या उन्हाळ्यात त्यांनी माझं ऐकलं. मीच पसंत केलेला, पंधरा वर्षं वापरलेला एक लाल ट्रॅक्टर घरी आला. कवड्या आणि बांड्या गावातच गणपतराव म्हणून एक होते, त्यांच्याकडे गेले. सासूबाई, रंभाबाई, दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मी इंदूला म्हटलं, होईल सवय. माणूस कशालाही सरावतो, असं मी तेव्हा फार सहज म्हणायचो.

ट्रॅक्टर चालवायला देवरावला ठेवलं. देवराव मूळचा खाप्याचा. तिकडे मॅंगनीजच्या खाणीवर त्यानं बारा वर्षं ट्रक चालवला होता. बायकोच्या माहेरी राहायचं म्हणून कुहीकडे आलेला. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. ट्रॅक्टरवर चढण्याआधी चपला काढून खाली ठेवायचा. मला ते पटलं नव्हतं. पुस्तकात बूट घालावेत असं लिहिलेलं होतं.

पोळ्याला आम्ही दोघं आदल्या दिवशीच गेलो. माझा बेत पक्का होता. आनंदरावांच्या घराला पोळ्यात पहिला मान. तीन पिढ्या त्यांचीच जोडी सगळ्यांत आधी तोरणाखालून जायची. आता जोडी नव्हती, म्हणून काहींचं म्हणणं पडलं की मान दुसऱ्याला द्यावा. आनंदराव म्हणाले, "माह्या दारात जे नांगर वढते तेच पयलं जाईन. ट्रॅक्टर जाईन." गावानं कुरकुरत कबूल केलं. म्हणजे कुही तालुक्यात पोळ्याच्या तोरणाखालून जाणारा पहिला ट्रॅक्टर माझ्या पसंतीचा असणार होता. मी नवा बुशशर्ट शिवला होता.

संध्याकाळी अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा होता. सासूबाई आल्या, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारलं, "जवाईबापू, बैलाचा भार खांद्यावर येते. याचा कुठं येते?"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या महिन्यांत त्या ट्रॅक्टरविषयी त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. मी देवरावकडून पाना मागून घेतला. इंजिनाच्या मागे, खाली, तळहाताएवढी एक झाकणी असते, दोन बोल्टची. ती मी स्वतः उघडली. आयुष्यात स्वतः उघडलेली पहिली झाकणी.

"हे बघा मामी, आत तवा दिसतो? त्याला क्लच प्लेट म्हणतात. इंजिनाची सगळी ताकद या तव्यावरून मागच्या चाकांना जाते. नांगर अडला, ट्रॉली भरली, सगळा भार इथे."

"घासत असन मंग."

"दिवसभर."

"गरमबी होत असन?"

"हात लावला तर चटका बसेल, इतका."

"बाप्पा," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून त्यांनी त्या भोकात दोन बोटं घातली आणि आत हळूच फिरवली, पूर्वी बैलाची मान चाचपायच्या तशी. मी तक्त्यातल्या आणखी दोन-चार गोष्टी सांगणार होतो, तेवढ्यात इंदूनं चहाला हाक मारली. मी गेलो. झाकणी लावायची राहिली. जमिनीवरच पडून होती ती.

आता तुम्ही आमच्या भागातले नसाल तर एक सांगायला हवं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेला बैलाचा खांदा कोमट हळद-तुपानं चोळायचा, शेकायचा. मग बैलाला हात जोडून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळीचा घास, गळ्यात माळा, शिंगांना बेगड, आणि कसलंही काम नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणारा माणूस अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही.

दिवेलागणीला सासूबाई वाटी घेऊन अंगणात गेलेल्या मी पाहिल्या. वाटीत पिवळं काहीतरी होतं. मला वाटलं, सवयीनं गोठ्यात चालल्या असतील बिचाऱ्या. रिकाम्या गोठ्यात जाऊन काय करतील, या विचारानं मला जरा वाईटसुद्धा वाटलं. मग मी पान जमवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर नवरीसारखा सजला. बॉनेटवर झूल, दिव्यांना बेगड, स्टिअरिंगला घुंगरांची माळ. गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. चाळीसेक जोड्या रांगेनं उभ्या. गणपतरावांनी कवड्या आणि बांड्याला दुसऱ्या नंबरवर आणलं होतं. अंगणातून तोरणापर्यंत पाचशे पावलं असतील, जरा चढाची. देवरावनं चपला काढल्या, वर चढला, इंजिन सुरू केलं. ढोल वाजला. गिअर पडला. क्लचवरचा पाय वर आला.

ट्रॅक्टर जागचा हलला नाही.

इंजिन फुरफुरत होतं, धूर निघत होता, घुंगरं वाजत होती. देवरावनं ॲक्सिलरेटर वाढवला. ट्रॅक्टर एक हात पुढे सरकला, मग चढ लागला तसा नुसताच ओरडत उभा राहिला. लोक माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. याच दिवसासाठी मी इतकी वर्षं आंघोळी केल्या होत्या.

"थांबा," मी म्हटलं, आणि पिशवीतून पुस्तक काढलं.

परीक्षा मी शास्त्रशुद्ध केली, यात वाद नाही. देवरावला सांगितलं, वरचा गिअर टाक, ब्रेक दाबून धर, आता क्लच सोड. क्लच चांगला असेल तर इंजिन धापकन बंद पडायला हवं. इंजिन मजेत चालू राहिलं. "क्लच घसरतोय," मी मोठ्यानं जाहीर केलं. गावात कुजबुज झाली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. गेली चाळीस वर्षं मी तेवढंच धरून बसलो आहे की इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मग कारणं. पुस्तकात चार. नंबर एक, पेडलला मोकळीक नसणे. मी हातानं दाबून पाहिलं. बरोबर एक इंच मोकळीक होती, पुस्तकात दिली होती तेवढीच. ती देवरावनंच राखलेली होती. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, आलं नाही. नंबर दोन, प्लेट झिजणे. नवीन प्लेट मीच दुकानातून काढून पाठवली होती, चार महिन्यांपूर्वी. नंबर तीन, प्लेटवर तेल अथवा स्निग्ध पदार्थ लागणे. तेलाचं सीलही मीच दिलं होतं, कागदासकट. मी दिलेलं सील गळेल? शक्य नाही. नंबर तीनवरून माझं बोट खाली घसरलं.

तेवढ्यात गणपतराव पुढे येऊन नाक वर करून म्हणाले, "जवाईबापू, वास कायचा येऊन राह्यला? तूप कढवल्यासारखा?"

वास येत होता हे खरं. खमंग वास होता. एरवी मला भूक लागली असती.

"घरोघरी पुरण शिजतंय, त्याचा आहे तो," मी म्हटलं. "त्यात मिसळलाय तो क्लच जळाल्याचा. पुस्तकात आहे."

आणि मी नंबर चार वाचला. मराठी करून, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "चालकास क्लचच्या पेडलवर पाय ठेवून वाहन चालवण्याची खोड असणे."

ढोल थांबला होता. सगळे देवरावच्या पायाकडे बघायला लागले. अनवाणी पाय, पेडलपासून वीतभर दूर.

"जवाईबापू," तो म्हणाला, "म्या बारा वर्सं घाटात ट्रक चालवला. रिकामा पाय म्या कदी क्लचवर ठेवला नाई."

"कळत नाही माणसाला. सवय लागते."

"मले कळते."

आता बघा, मी परका असतो तर कुणीतरी म्हटलं असतं, अहो साहेब, जरा झाकणी उघडून तर पाहा. पण मी जावई. त्यातून नागपूरचा, त्यातून पोळ्याला आलेला, त्यातून हातात इंग्रजी पुस्तक. आमच्याकडे जावयानं पिठल्याला बासुंदी म्हटलं तरी सासुरवाडी वाटीत चमचा घालून देते. आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं, देवरावकडे पाहिलं. त्यांना देवरावचं खरं वाटत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण चारचौघांत जावयाला खोटं पाडायचं कसं?

"देवराव," ते म्हणाले, "चाबी दे गा."

देवराव उतरला. एकदा त्यानं अंगणाच्या कडेला, बायका उभ्या होत्या तिकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण त्यानं चाबी काढून आनंदरावांच्या हातात दिली आणि चपला पायात घातल्या.

पुढचं मला सांगायला लाज वाटते, पण तुम्ही वाचायला बसला आहात. मान तर पाळायचाच होता. बैल जुंपता येत नव्हते, पोळा होता. म्हणून माणसं लागली. पुढे दोराला दहा जण, मागे बारा जण. स्टिअरिंगवर मी, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नव्हतं. चाळीस जोड्या बैल, अंगावर झुली घेऊन, रवंथ करत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते, आणि मधून आनंदरावांच्या घरचा मान माणसं ओढून नेत होती. कवड्यानं मला ओळखलं असावं. त्यानं मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

आमच्याकडे पोळ्यात झडत्या म्हणतात, उभ्या उभ्या रचलेल्या. त्या वर्षीची कुणीतरी मागून म्हटली:

"जवाई वाचे पोथी, गाव लावे जोर,
बैल पाहे तमाशा, माणसाले दोर!"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. मागे वळून पाहिलं तर ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला खांदा लावून ढकलणाऱ्यांत देवरावही होता. त्याचा खांदा सगळ्यांत खाली, जिथे सगळ्यांत जास्त जोर लागतो तिथे होता. तोरण पार झालं तसा तो बाजूला झाला, धोतराला हात पुसले आणि एसटीच्या रस्त्यानं निघून गेला. मी त्याला हाक मारायला हवी होती. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. नागपुरात मारबतीचे पुतळे निघाले असतील, रोगराई, इडापिडा सगळी घेऊन. मी इकडे कुहीच्या भैयाजी मिस्त्रींना बोलावून घेतलं होतं. भैयाजी सत्तरीचे, चष्म्याची एक दांडी सुतळीची. आल्या आल्या त्यांनी वाकून ती तळहाताएवढी झाकणी पाहिली.

"पयले हे खोलू."

"त्यातून काही दिसत नाही," मी म्हटलं. "प्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागतात. पुस्तकात आकृती आहे."

"दोन भाग कराले दिवस जाईन, बापू. झाकनी खोलाले दोन मिन्टं."

"भैयाजी, मी सांगतो ते करा."

भैयाजींनी आनंदरावांकडे पाहिलं. आनंदराव आभाळाकडे बघत म्हणाले, "जवाईबापू म्हनतेत तं करा."

केले. सूर्य डोक्यावर आला तोवर इंजिन आणि पुढची चाकं चिंचेखाली ठोकळ्यांवर, आणि मागची मोठी चाकं अंगणाच्या मध्यात. मधून कोंबड्या ये-जा करत होत्या. सासुरवाडीच्या अंगणात आपण पसंत केलेला ट्रॅक्टर असा मधोमध कापून पडलेला बघणं फार अवघड असतं. शेवटी भैयाजींनी प्लेट काढून उजेडात धरली.

प्लेट नवीकोरी होती. जराही झिजलेली नाही. फक्त सगळीकडून पिवळीजर्द आणि तुकतुकीत.

भैयाजींनी त्यावर बोट फिरवलं. नाकाला लावलं. मग, माझ्याकडे न बघता, जिभेला.

"हे ग्रीस नोहे," ते म्हणाले. "तूप हाय. हळद हाय त्यात. गाईचं वाट्टे."

 सासूबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, प्लेट पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"लागलं होय बरोबर जागी? म्या म्हटलं पोचते का नाई."

"तू लावलं?" आनंदराव म्हणाले.

"मंग. खांदशेकनी नोहोती का? पयल्यांदा घट्ट होतं तं आत जाऊन नाई राह्यलं. मंग कोमट करून पातळ केलं, वतलं. कवड्याचं अन बांड्याचं, दोघाचंबी यालेच. याले भोक एकच न. आवतनबी देल्लं." मग माझ्याकडे बघून कौतुकानं, "जवाईबापूनं जागा दाखवली म्हून, नाई तं मले काय समजते."

भैयाजींनी चष्मा काढून पुसला. आनंदराव काही म्हणाले नाहीत. जावयाला काय म्हणणार? ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी तुम्हाला सांगतो, सासऱ्यानं चार शिव्या दिल्या तर माणूस जेवून झोपू शकतो. पण आनंदरावांनी खिशातून ट्रॅक्टरची चाबी काढली, जरा वेळ हातावर धरली आणि परत खिशात ठेवली.

इंदूच तेवढी बोलली. "अवो, पुस्तकात तुपाचं लिवलं नोहोतं काय?"

"नंबर तीन," मी म्हटलं.

"मंग तुमी चारवर काहून गेले?"

मी पुस्तक मिटून पिशवीत घातलं.

भैयाजींनी प्लेट पेट्रोलनं धुतली, पॉलिश-कागद मारला आणि अर्ध्या दिवसात सगळं परत जोडलं. जाताना एवढंच म्हणाले की झाकणीतून पेट्रोल मारलं असतं तरी चाललं असतं.

देवराव खाप्याला भावाकडे गेल्याचं कळलं, तशी मी रजा वाढवली आणि तिकडे गेलो. कुहीहून नागपूर, नागपूरहून सावनेर, पुढे खापा. एसटीत मी माफीचं भाषण जुळवत होतो. कन्हान नदीच्या बाजूला देवरावच्या भावाचं घर होतं. देवराव ओट्यावर बसून मुलीच्या चपलेचा अंगठा शिवत होता. मला बघून उठला, आतून खुर्ची आणली, पुसली. मी भाषण विसरलो.

"देवराव, तुझी काही चूक नव्हती. प्लेटवर तूप होतं. मामींनी..."

"माईत हाय," तो म्हणाला.

"कसं माहीत?"

"रंभामाईले म्या वततानी पाह्यलं होतं, संध्याकाळी. मले वाटलं वरतूनच लावून राह्यली. सकाळी झाकनी खाली पडेल होती, म्या पुसून लावली. वास आला तवा समजलं, आत गेलं म्हून."

"म्हणजे गावासमोर तुला माहीत होतं?"

"हाव."

"मग बोलला का नाहीस रे?"

देवरावनं सुई दोऱ्यात अडकवून चप्पल खाली ठेवली. "काय बोलू, जवाईबापू? माईले उभं करू गावासमोर? तिनं बैल गेल्यापासून पयल्यांदा कायले तरी जीव लावला होता. म्हून म्या तिच्याकडे पाह्यलं. ते हसून राह्यली होती. मले बोलनंच झालं नाई."

 त्याच्या पुतण्यानं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "चल परत. मामाजींनी चाबी तुझ्यासाठी ठेवली आहे."

"नाई येत."

"मी गावासमोर माफी मागतो. पारावर उभा राहून."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "तुमी जवाई. तुमाले मागू देतीन काय ते?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी प्रयत्न केला. परतल्यावर पारावर दहा माणसं जमवून मी उभा राहिलो आणि म्हटलं, देवरावची चूक नव्हती, चूक माझी. आनंदराव ताडकन उठले आणि माझा हात धरून म्हणाले, "जाऊ द्या जवाईबापू, उन्हाचे उभे नोका राहू." गणपतराव म्हणाले, "मशीनच ते, त्याच्यात चूक कोनाची?" कुणीतरी पान पुढे केलं. दोन मिनिटांत विषय धानाच्या लोंब्यांवर गेला. देवरावला त्या गावात दोषी ठरवायला मला एक वाक्य लागलं होतं. ते परत घ्यायला त्यांनी मला जागाच दिली नाही.

देवराव पुन्हा खाणीवर ट्रकला लागला. त्याच्या बायकोचं माहेर सुटलं. तिची म्हातारी आई इकडे एकटी राहिली, आईला बघायला ती महिन्यातून एकदा दोन एसट्या बदलून यायची. मला ती रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या बाजूनं जायचो.

सासूबाईंना कुणी काही सांगणार नव्हतं. पण त्या काही खुळ्या नव्हत्या. पुढच्या खांदशेकणीला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नुसती पाच बोटं उठवली, हळदीची. तूप वाटीत तसंच राहिलं. ती वाटी फडक्यानं बांधून त्यांनी माझ्या हातात दिली.

"हे खाप्याले न्या."

"कशाला, मामी?"

"ज्याच्यावर भार पडला त्याच्या खांद्याले लावजा. अन म्हना, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"मी लावू?"

"मंग कोन लावन? तुमालेच जागा माईत हाय न."

त्या चिडून बोलल्या की साधेपणानं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी गेलो. सावनेरच्या एसटीत गर्दी, वाटी मांडीवर, वाटीतलं निम्मं माझ्या पँटवर. देवरावच्या दारात पोचलो तेव्हा मीच शेकलेल्या बैलासारखा पिवळा होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग सदऱ्याची गुंडी सोडली आणि खांदा पुढे केला. मी हळद-तूप लावलं. ट्रॅक्टर ढकलताना त्या खांद्याला लोखंडाची कड लागली असावी, तिथे वीतभर जुना वण होता. मी आवतन म्हटलं. 

"जेवाले येतो," तो म्हणाला. "ट्रॅक्टरले हात नाई लावत."

तेव्हापासून तो दर पोळ्याला येतो. सासूबाई त्याला पहिल्या पंगतीत बसवायच्या, माझ्या आधी वाढायच्या. आता त्या नाहीत, इंदू वाढते. तूप त्याच्या पोळीवर दुप्पट. 

आणि ट्रॅक्टर? देवराव गेल्यावर आनंदरावांनी दुसरा ड्रायव्हर ठेवलाच नाही. चालवायला मीच शिकलो, पुस्तकावरून; नांगरणीला रजा काढून यायचो, आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखालूनही मीच न्यायचो. दर दोन वर्षांनी प्लेट बदलावी लागते. भैयाजी म्हणायचे, इतकी लवकर जाऊ नये. मी म्हणायचो, जुनं मशीन आहे.

गेल्या पोळ्यालाही मीच नेला. ढोल वाजत होता, जोड्या रांगेत होत्या, आणि देवराव जेवून तोरणाच्या बाजूला उभा होता, तोंडात सुपारी. मी जवळून गेलो तेव्हा त्याची नजर खाली गेली, माझ्या डाव्या पायावर. मीही पाहिलं. पाय क्लचवर होता. कधी ठेवला, मला कळलंसुद्धा नव्हतं.

त्यानं वर माझ्याकडे पाहिलं.  दर वर्षी पाहतो, आणि काही म्हणत नाही.